मले नाई ओळखू येत

मानमोडीच्या तापात माझी पहिली बायको गेली आणि सासऱ्यानं तिच्या जागी आपली विधवा बहीण माझ्या घरात आणून बसवायचा डाव केला — ही हकीकत अकोल्यातल्या माझ्या फळांच्या दुकानात मी कितीदा सांगितली असेल. संत्री निवडता निवडता. ऐकणारे हसायचे, मीही हसायचो. पंचांनी लबाडी कशी पकडली, म्हातारी भर बैठकीत कशी मुकी झाली, सगळं रंगवून.

आता जे सांगणार आहे ते मात्र कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. दुसऱ्या बायकोच्या नाही, मायच्या तर नाहीच नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनातसुद्धा मी ते शब्दांत येऊ दिलं नाही. देव ऐकेल म्हणून? काय की. तुम्ही मला पाहिलेलं नाही, माझं दुकान पाहिलेलं नाही, म्हणून कदाचित तुमच्याजवळ जमेल. पण एकदम नाही जमणार — मला जरा फेऱ्यानं यावं लागेल.

आम्ही माळी. आमचा मळा अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि धुऱ्याच्या, बांधाच्या कडेनं झेंडू. सकाळी माल अमरावतीच्या बाजारात न्यायचा, दुपारी परत. घरात मी, माय आणि म्हातारा बाप. बाप त्या तापातच गेला. माझी बायको पार्वता तिवशाची. लहानपणीच तिची आई गेलेली; बापानं आणि बापाच्या विधवा बहिणीनं, कवसा आत्यानं, तिला वाढवलं. आमच्या घरी नांदायला आली तेव्हा ती सोळाएक वर्षांची असेल. गाल नुकत्या तोडलेल्या वांग्यासारखे तुकतुकीत. हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. आत्या आणि भाची एका साच्यातल्या होत्या — तेच नाक, तीच चाल, कपाळावर आणि हनुवटीवर तेच गोंदण. हे लक्षात ठेवा. आम्हीही ते फार लक्षात ठेवलं.

माझ्या मामाचं अकोल्याला फळांचं दुकान. मामाचा पाय मोडला, म्हणून संत्र्याच्या हंगामात मी तिकडे गेलो, आणि पार्वता माहेरी गेली. त्याच दिवसांत ताप आला. तुमच्यापैकी म्हाताऱ्यांना तो आठवत असेल. माणसं गावातली घरं सोडून वावरात झोपड्या घालून राहिली. कोण कुठे आहे, कोण आहे आणि कोण नाही, काही कळत नव्हतं. तिवशाकडून कापसाच्या गाडीबरोबर एक निरोप आला. निरोप आणणारा स्वतःच तापातून उठलेला, त्याला धड बोलताही येत नव्हतं. एवढंच म्हणाला — "तिवशाची तुमची एक बाई गेली."

कोणती? ते त्याला सांगता आलं नाही.

आणि मी तिवशाला गेलो नाही. मामाचा पाय होता, दुकान होतं, वाटेवर ताप होता. कारणं सगळी खरी होती. आणखी एक होतं — मामाच्या शेजारी वच्छला होती. शेजाऱ्याची मुलगी. काही झालं नव्हतं, उगाच काही कल्पू नका. मी तिला अंगणात धुणं वाळत घालताना पाहिलं होतं, इतकंच. पण पाहिलं होतं. आणि 'एक बाई गेली' म्हणजे पार्वताच गेली असेल की काय, अशी शंका मनात आली तेव्हा मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

पुढे नीट निरोप आला. आत्या गेली. पार्वता वाचली आहे, पण अंगावर सारख्या गांधी उठतात, तोंड सुजतं, आग होते. बरी झाली की आणून घालतो, असं सासऱ्यानं कळवलं होतं. मी हो म्हटलं आणि अकोल्यालाच राहिलो. बाप गेल्यावर मळ्याकडे कुणी पाहायला उरलं नाही, तेव्हा परत आलो.

ती आली तेव्हा मी झेंडू खुडत होतो. रस्त्यावर सासऱ्याची बैलबंडी थांबली, एक बाई उतरली. लांबून चाल ओळखीची वाटली. मनात आलंच — आली पार्वता. माय भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन ओवाळायला पुढे झाली, आणि तुकडा तसाच हातात धरून थांबली.

मी जवळ गेलो. काय सांगू तुम्हाला? गाल जबड्याच्या खाली उतरले होते, ओलं लुगडं दोरीवर टाकल्यावर मधोमध लोंबतं तसे. खालच्या पापण्या सुटून डोळ्यांची लाल कड बाहेर आली होती, त्यातून पाणी गळत होतं. कानांच्या पाळ्या लांबलेल्या. गळ्यावर घड्यांवर घड्या. आणि त्या सगळ्याच्या वर केस — काळेभोर, दाट, तेल लावून चापून बसवलेले. केस तरुण होते म्हणूनच तो चेहरा जास्त भेसूर वाटला. नुसती म्हातारी असती तर मी कदाचित पाया पडलो असतो.

"इवाईबुवा, हे कोन आनली?" मायनं माझ्या सासऱ्याला विचारलं.

"तुमचीच सून हाये," तो म्हणाला. "तापानं असं केलं. सूज उतरली, पन कातडं मागं आलंच नाई."

ती माझ्याकडे पाहत होती. "मीच आहो," ती म्हणाली. "असं काय पाहून राह्यले?" — आणि तो आवाजसुद्धा तिचा नव्हता. जाड, घोगरा, पुरुषासारखा.

इथपर्यंत माझी काही चूक नाही. असं मी स्वतःला सांगत आलो आहे. कुणालाही शंका आली असती. तुम्हाला नसती आली?

मायला तर शंका नव्हतीच, खात्री होती. मेली ती पार्वता, आणि ही कवसा. भावाच्या गळ्यात विधवा बहीण किती दिवस? दिली भाचीच्या सासरी ढकलून, म्हणे तापानं तोंड उतरलं. शेजारच्या मळ्यातली बाई म्हणाली, केस रंगवले असतील. दुसरी म्हणाली, करणी आहे, हात तरुण आणि तोंड म्हातारं असं कधी असतं का? मायनं तिचा लोटा वेगळा काढला, ताट वेगळं काढलं, ओसरीच्या टोकाला तिला जागा दिली. सासरा तिथेच, बंडीखाली मुक्काम करून राहिला. लेकीला अशी सोडून त्याला जाववेना.

मग परीक्षा सुरू झाल्या. माय विचारायची — तू पहिल्यांदा आली तेव्हा मी तुला काय दिलं? ती सांगायची, हिरवं लुगडं दिलं, तांब्याची घागर दाखवली आणि म्हणाल्या की आजपासून पाणी तुझ्या हाती. बरोबर होतं. "आत्याले सांगितलं असंन पोरीनं," माय म्हणायची. एखादी गोष्ट तिला आठवली नाही की माय माझ्याकडे बघायची — पाहिलं? जे बरोबर यायचं ते शिकवून आणलेलं, जे चुकायचं ते उघडं पडलेलं. तिनं गोंदण दाखवलं. पण आत्याचंही तेच गोंदण, आणि तिच्या कपाळावरच्या रेघा कातडीबरोबर खाली ओघळून वाकड्या झालेल्या. एक दिवस माय म्हणाली, दात पाहू. बैल घेताना पाहतात तसे मायनं तिचे ओठ वर करून दात पाहिले. सगळे होते, पांढरे, मजबूत. "कवसाचेबी दात धड होते," माय म्हणाली. ती तोंड उघडं ठेवून बसली होती. मी दारात उभा होतो.

मीही पाहत होतो, बरं का. लपून पाहायचो. वांग्याच्या वाफ्यातून, गोठ्याच्या आडून. ती भाकर कशी मोडते, पदर कसा खोचते, बसताना आधी कोणता हात टेकते. पार्वता असं करायची का? करायची. पण आत्याही करत असेल. ती पाण्याची घागर घेऊन चार पावलं गेली की धापा टाकायची. पार्वता धापा टाकत नव्हती — म्हणजे ही ती नव्हे. मला दर वेळी थोडं बरं वाटायचं. हे ऐकायला कसं वाटतं मला माहीत आहे. पण बरं वाटायचं.

सासरा म्हणाला, अमरावतीच्या दवाखान्यात नेऊ, डॉक्टर काय म्हणतात ते तर ऐका. मायनं मला बरोबर पाठवलं. सासरा डॉक्टरला फितवेल म्हणून. बंडी मीच हाकली.

डॉक्टर पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं होतं. त्यांनी तिच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरून ओढलं. ते किती लांब आलं! सोडलं तर लगेच बसलं नाही, हळूहळू, आळसावल्यासारखं परत गेलं. पुन्हा ओढलं. मग तिचे हात उलटेसुलटे केले, दात पाहिले, छातीला नळी लावली. मग म्हणाले, "कातडीच्या आत बारीक तंतू असतात. ताणलेलं कातडं परत जागेवर आणतात ते. हिचे ते तंतू गेलेत. फार क्वचित होतं असं. मी पुस्तकात वाचलंय, पाहतोय पहिल्यांदा. ही म्हातारी नव्हे हो, ही तरुण पोर आहे. हात बघा हिचे."

सासऱ्यानं विचारलं, हे दुसऱ्याले लागते का? डॉक्टर म्हणाले, नाही लागत. औषध आहे का? तेही नाही. दम लागतो ना, तर तिला जड काम सांगू नका, कातडीचं झालं ते आतही होऊ शकतं. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही कोण हिचे?"

सासरा माझ्या तोंडाकडे पाहू लागला. ती पाहत नव्हती. ती पदर सावरत होती.

मी म्हणालो, "मी बंडी घेऊन आलो."

परतताना ती मागे बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आयकलं ना?" मी बैलांना हाकारलं. घरी आल्यावर माय धावत पुढे आली — काय म्हणाला डाक्तर? मी म्हटलं, "सांगता येत नाई म्हनते." सासऱ्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, पण तो तर तिचा बाप. दोघांनी एकच ऐकलं होतं आणि दोघांनी दोन सांगितलं. लोकांनी माझं धरलं.

म्हणजे दवाखान्यातून निघालो तेव्हा मला कळलं होतं का? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. बरंचसं कळलं होतं. पण थोडी जागा उरली होती. तरुण आहे, ठीक. पण पार्वताच कशावरून? एवढीशी फट होती. मी तिच्यात पाय रोवून उभा होतो.

त्याच आठवड्यात मामा अकोल्याहून आला. वच्छलाचा बाप मुलगी द्यायला तयार होता, एकच म्हणणं होतं त्याचं, "पयली जिवंत असंन तं सवतीवर पोरगी नाई देत." मायनं दुसऱ्या दिवशी पंचांना सांगावा धाडला.

बैठक आमच्याच मळ्यात झाली, विहिरीजवळच्या आंब्याखाली. सकाळची वेळ. जातीतली पाच जाणती माणसं, त्यांत तुळशीरामबुवा मुख्य. तिवशाहून दोघं-तिघं आले होते. ते शपथेवर म्हणाले, हीच पार्वता, आम्ही हिचं तोंड उतरत जाताना पाहिलं. पण ती तिवशाची माणसं, गावच्या लेकीची बाजू घेणारच, असं सगळ्यांनी एकमेकांच्या कानात सांगितलं. माय बोलली. सासरा बोलला, मध्येच रडला. लोकांनी त्याच्या रडण्यावरही शंका घेतली.

तुळशीरामबुवा माणूस वाईट नव्हता. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "हे पाय माय, आमाले तुहं तोंड नाई समजत, आवाज नाई समजत. तू असं कर — तुह्या नवऱ्याले आन् तुले, दोघालेच मालूम असंन, तुह्या आत्यालेबी नसंन, अशी एक गोष्ट सांग. सुकदेवनं हो म्हनलं का सरलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

इथे मला थांबावं लागेल. त्या विहिरीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, आणि तेही मी कधी सांगितलेलं नाही.

मला विहिरीत उतरायची भीती वाटते. माळ्याच्या पोटी जन्मून विहिरीची भीती — हसा तुम्ही. का, ते मला माहीत नाही, लहानपणापासून आहे. तापाच्या आदल्या उन्हाळ्यात आमची मोट आत एका दगडाखाली अडकली. मळा वाळत होता. बाप बाजारातून येईपर्यंत मोकळी कर म्हणून मायनं मला बजावलं होतं. मी काठावर गेलो, एक पाय खाली सोडला, आणि माझं अंग थरथरायला लागलं. पाय वर घेतला. परत सोडला. शेवटी काठावर बसून मी रडायला लागलो. मोठा, मिशा फुटलेला बाप्या. पार्वता भाकर घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं. लुगड्याचा काचा मारला आणि कपारींत पाय देत देत खाली गेली. मी वरून तिचं डोकं लहान लहान होताना पाहत होतो. मोट मोकळी करून ती निथळत वर आली. आणि मग काय केलं तिनं? मोटेतलं पाणी घेऊन माझ्या डोक्यावर ओतलं. धोतरावर ओतलं. केस विस्कटले माझे. मग स्वतःचं ओलं लुगडं झटकत म्हणाली, "तुमी उतरले होते. मी तं पाट फुटला म्हनून भिजली." आणि जरा वेळानं, मी मान वर करत नव्हतो तेव्हा — "कोनाले नाई सांगनार. माह्या आत्यालेबी नाई."

बापानं त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. आयुष्यात एकदाच. आजूबाजूच्या मळ्यांत माझं नाव झालं.

तर ती विहिरीकडे पाहत होती. तिला एवढंच म्हणायचं होतं — मोट मी काढली, हे काठावर बसून रडत होते. एक वाक्य. मी हो म्हटलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण माझा चेहरा बदलला असता आणि तुळशीरामबुवाला तेवढं पुरलं असतं. जातीतली सगळी माणसं बसली होती. माय बसली होती. मामा बसला होता.

मी तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. कुणाला दिसली नाही.

तिनं डोळे खाली केले. म्हणाली, "आहे एक गोष्ट. पन ते मी नाई सांगत."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मालूमच नाई तं सांगनार काय!" माय म्हणाली, "पाहा आता."

आणि त्याच क्षणी — आता ऐका, हेच ते — त्याच क्षणी माझी उरलीसुरली शंका गेली. कवसा आत्याला हे माहीत असतं तर तिनं सांगून टाकलं असतं. माहीत नसतं तर तिनं विहिरीकडे पाहिलंच नसतं. माझी लाज स्वतःच्या जिवापेक्षा वर ठेवून गप्प बसेल अशी या जगात एकच बाई होती, आणि ती माझ्यासमोर मातीत बसली होती. ती पार्वता होती. माझी बायको. इतकी खात्री मला त्यानंतर कशाचीच वाटली नाही.

तुळशीरामबुवाला अजून पटत नव्हतं. त्यानं सगळ्यांना गप्प केलं. "नवरा म्हनन तेच खरं," तो म्हणाला. "सुकदेव, नीट पाय. हे तुही बायको आहे का?"

"मले नाई ओळखू येत," मी म्हणालो.

ही ती नाही, असं नाही म्हटलं मी. बघा, केवढा हुशार होतो. नाही ओळखू येत. यात खोटं काय, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला विचारत आलो — चेहरा तर बदललाच होता ना? पण मला सगळं ठाऊक होतं आणि माझी जीभ अडखळलीही नाही.

ती रडली का? सांगता येत नाही. तिच्या पापण्या सुटल्यापासून तिच्या डोळ्यांतून सारखंच पाणी गळायचं, त्यामुळे ती कधी रडते आणि कधी नाही ते कुणालाच कळत नसे. तिनं उठताना हात टेकला, जरा धाप टाकली आणि बापाला म्हणाली, "चाला बाबा, ऊन होते." सासरा माझ्याकडे आला. मला वाटलं मारेल. तो नुसता उभा राहिला, माझ्या तोंडाकडे काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि गेला. बंडी रस्त्याला लागली. मळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ती हळूच चालली होती, धावत गेलो असतो तर सहज गाठली असती. मी मेथीला पाणी सोडायला गेलो.

लग्न झालं. मळा वाट्यानं दिला आणि आम्ही अकोल्याला राहायला आलो; मामाचं दुकान पुढे माझ्याकडेच आलं. मायला मरेपर्यंत वाटत राहिलं की ती कवसाच होती. मी तिला वाटू दिलं. आणि ती दुकानातली हकीकत — ती मी पहिल्यांदा कधी सांगितली ते आठवत नाही. कुणी मुद्दाम विचारलं नव्हतं. आपणच सांगितली. लोकांना हसू आलं, मग पुन्हा सांगितली. सांगता सांगता ती इतकी गुळगुळीत झाली की कधीकधी मलाच खरी वाटायची.

काही वर्षांनी तिवशाचा एक संत्रेवाला दुकानात माल घेऊन आला होता. त्याला माझं नातं ठाऊक नव्हतं. बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावची पार्वता गेली, दम लागून गेली बिचारी, तरणी होती पण तोंडावरून कुणाला वाटायचं नाही. तिवशात तिला शेवटपर्यंत पार्वताच म्हणत होते. मी म्हणालो, "अरेरे." आणि पेटी उतरवून घेतली.

पण तिच्या मरणाआधीचं एक राहिलं आहे. तेही सांगतो, मग झालं.

वच्छला पहिल्यांदा पोटुशी होती तेव्हा कार्तिकातल्या जत्रेला तिला कौंडण्यपूरला घेऊन गेलो होतो. नदीच्या वाटेवर माळणी जांबांचे, म्हणजे पेरूंचे, वाटे मांडून बसल्या होत्या. वच्छला एका म्हातारीपुढे थांबली. मी दोन पावलं मागे होतो.

"आजी, गोड हायेत का जांब?"

"खाऊन पाय, माय." तोच जाड, घोगरा आवाज.

तिनं अंगठ्यानं जांब मोडून वच्छलाला दिला. हात तसेच होते, सोळा वर्षांच्या पोरीचे. तोंड आणखी उतरलं होतं. पण कपाळावर कुंकू होतं — मोठं, गोल, नीट. त्या सगळ्या घड्यांमध्ये ते इतकं गोल कसं बसवत असेल ती? एका हातानं कातडं ताणून धरावं लागत असेल.

वच्छलाला बोलायची हौस. कुंकू पाहून म्हणाली, "एकल्याच बसल्या? आजोबा नाई आले?"

"हायेत ना. आपल्या कामात असतात."

"बरे हायेत ना?"

"हो," ती म्हणाली. "बरे दिसून राह्यले."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. वच्छलाच्या पोटाकडे मात्र पाहिलं, आणि वाट्यावर आणखी चार जांब उचलून तिच्या पदरात टाकले. "पोटुशी हायेस. ने."

मी तिथे उभा होतो. वच्छला मागे वळून मला म्हणू शकली असती, या ना जवळ. ती म्हणाली नाही. मी स्वतः दोन पावलं पुढे टाकू शकलो असतो. ते तेव्हाही माझ्या हातात होतं. मी नदीकडे बघत राहिलो.

पुढे गेल्यावर वच्छला म्हणाली, "किती मायाळू म्हातारी होती."

"हो," मी म्हणालो.

मग तिनं हातातल्या मोडलेल्या जांबाचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. गोड होता.